आजोबांची कीर्तनं कागदावर उतरवली की मरून जातात, काय करावं?

पेटीचा_सूर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तरच वाचा.

माझे आजोबा हरिदास होते, म्हणजे नारदीय कीर्तन करायचे. वाईच्या बाजूला त्यांचं बऱ्यापैकी नाव होतं, रामनवमीच्या उत्सवात नऊ दिवस एकाच देवळात उभे राहायचे. त्यांना जाऊन आता पंचवीस वर्षं होतील, म्हणून घरात ठरलं की त्यांची निवडक कीर्तनं छापून एक छोटी पुस्तिका काढायची आणि नातेवाईकांत वाटायची. माळ्यावर १४ कॅसेट निघाल्या, १९८७ ते ९१ मधल्या, चुलत्यांनी साध्या टेपरेकॉर्डरवर देवळात बसून केलेल्या. दोन बुरशी लागून गेल्या, बाकीच्या मी संगणकात घेतल्या आणि रोज रात्री हेडफोन लावून टाइप करत बसतो.

आता अडचण अशी की पावणेदोन तासांचं कीर्तन टाइप केल्यावर नऊ पानं होतात आणि ती नऊ पानं वाचून मलाच जांभया येतात. बायकोला दिली, तिने तीन पानं वाचली आणि म्हणाली छान आहे, आणि मला ते ‘छान आहे’ कळलं. पूर्वरंगात, म्हणजे आख्यानाआधीच्या निरूपणाच्या भागात, ‘आता कोठे धावे मन’ घेतलंय, त्यावरचं निरूपण कागदावर अगदी शाळेच्या निबंधासारखं दिसतं, एकच गोष्ट तीनदा, मग दृष्टांत, मग परत तीच गोष्ट. पण तेच हेडफोनमध्ये ऐकताना माझा हात टाइप करायचा थांबतो.

एक उदाहरण देतो. हरिश्चंद्राचं आख्यान, स्मशानात तारामती मेलेल्या मुलाला, रोहिदासाला घेऊन आलीये, राजा डोंबाचा नोकर म्हणून उभा आहे आणि तो बायकोला न ओळखता स्मशानाचा कर मागतो. आजोबा डोंबाच्या रांगड्या आवाजात ‘आधी कर टाक’ म्हणतात आणि गप्प होतात. मी मोजलं, ११ सेकंद. मागे कुठेतरी लहान पोर किरकिरतंय, एक बाई ‘अगं बाई गं’ म्हणते, कोणीतरी खोकतं, मग पेटीवाला हळूच सा धरतो आणि आजोबा अगदी साध्या आवाजात म्हणतात, ‘मग काय झालं?’ आता हे मी टाइप केलं: आधी कर टाक. मग काय झालं? बास, संपलं, दोन ओळी. त्यातलं काहीच आलं नाही.

अजून एक. हरिश्चंद्राच्या दोन कॅसेट आहेत, १९८८ ची आणि १९९० ची. पहिलीत तारामतीचा विलाप चांगला वीस मिनिटं चालतो, साकी, दिंडी, मोरोपंतांच्या आर्या सगळं. दुसरीत मात्र ११ सेकंदांची ती शांतता झाली की विलाप जवळजवळ नाहीच, थेट देव प्रकट होतात आणि आरती. बहुतेक कॅसेटची बाजू बदलताना तेवढं राहून गेलं असणार.

तर विचारायचं हे की कीर्तन-प्रवचन हा प्रकार मुळात छापायचाच नसतो का? पण मग आपलं अर्धं जुनं साहित्य तर असंच कोणीतरी कोणाला तरी सांगितलेलं आहे, ते कसं टिकलं?

---

नगरी_मृदंग

दादा तुम्ही आजोबांचा आवाज टाइप करताय, कीर्तन नाही.

मी नगर जिल्ह्यातला, वारकरी कीर्तनात पखवाज वाजवतो, सप्ताहाच्या सीझनला महिन्यातून वीस-बावीस रात्री बाहेर असतो. आमच्याकडचं कीर्तन तुमच्या हरदासी कीर्तनापेक्षा वेगळं असतं, आमच्यात पूर्वरंग-उत्तररंग नाही, एकच अभंग सेवेला घ्यायचा आणि त्याचीच चरणं दोन तास सोडवायची. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी असणार, ती म्हणजे कीर्तन एकटा माणूस करतच नाही. बुवा पुढं उभे, मागं वीस-पंचवीस टाळकरी, दोघं गायनाचार्य, विणेकरी, मी. बुवांना मुद्दा सापडेना झाला की ते वळून आमच्याकडं बघतात, आम्हाला लगेच कळतं, गायक चाल उचलतो आणि विठ्ठल विठ्ठल सुरू, तेवढ्यात बुवांना श्वास पण मिळतो आणि पुढचा दृष्टांत पण आठवतो. हे तुम्ही कसं टाइप करणार.

आणि दुसरं म्हणजे प्रमाण. बुवा काही म्हणाले की त्याला संतांचं प्रमाण द्यावं लागतं, ज्ञानोबांची ओवी नाहीतर तुकोबांचा अभंग. चांगला कीर्तनकार प्रमाण अर्धंच टाकतो. तो म्हणतो ‘जे का रंजले गांजले’ आणि थांबतो, पुढचं सगळा मांडव म्हणतो. ज्या गावात मांडव म्हणत नाही त्या गावात कीर्तन पडलं म्हणून समजायचं, मग बुवा कितीही मोठे असोत. मी असे मोठमोठे पडलेले बघितलेत. पाकीट तेवढंच जाड मिळालं ती गोष्ट वेगळी.

तुम्ही म्हणताय एकच गोष्ट तीनदा येते. येणारच, पहिल्यांदा पुढच्या ओळीसाठी, दुसऱ्यांदा मागं चपलांपाशी बसलेल्यांसाठी आणि तिसऱ्यांदा जो आत्ताच जेवून आलाय त्याच्यासाठी. कापू नका, कापलं की ताल जाईल.

---

निवृत्त_मास्तर

प्रश्न फार चांगला आहे आणि त्याचं उत्तर आपल्याकडे सातशे वर्षांपूर्वी देऊन झालंय असं माझं मत आहे.

ज्ञानेश्वरी म्हणजे काय, तर नेवाशाला सांगितलेलं प्रवचन. ‘शके बाराशते बारोत्तरें’ म्हणजे १२९०, लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ पण तो कुठेही एकट्याने खोलीत बसून लिहिल्यासारखा वाटत नाही, कारण ज्ञानदेवांनी श्रोत्यांना ग्रंथाबाहेर ठेवलंच नाही. नववा अध्याय उघडा, पहिलीच ओवी: ‘तरी अवधान एकलें दीजे, मग सर्वसुखासि पात्र होईजे’. म्हणजे बाबांनो नुसतं लक्ष द्या. आणि लगेच पुढच्या ओवीत सावरून घेतात, मी हे मोठेपणाने म्हणत नाही हो, तुमच्यासारख्या जाणत्यांपुढे सलगीने विनवतोय. हा माणूस समोर बसलेल्यांच्या चेहऱ्याकडे बघून बोलतोय! चौदाव्या अध्यायाच्या सुरुवातीला गुरूची स्तुती लांबत चालते तेव्हा खुद्द निवृत्तीनाथच सांगतात की हे पुरे, आता ग्रंथाकडे वळ. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर हा आपला टोकलेला भाग गाळला असता. यांनी ठेवला. म्हणून आजही पारायणाला बसलेली माझी आई ते वाचताना हसते, तिला वाटतं हे आत्ताच चाललंय.

याच्या उलट उदाहरण महानुभावांचं घ्या. चक्रधरस्वामींनी स्वतः काही लिहिलं नाही, फिरत राहिले आणि बोलत राहिले. त्यांच्यामागे शिष्यांनी दोन वेगळ्या प्रकारे ते बोलणं जपलं. केसोबासांनी दृष्टांत निवडून वेगळे काढले, सूत्र, त्यावरचा दृष्टांत आणि त्याचा अर्थ असा नेटका दृष्टान्तपाठ केला, जन्मांध माणसं हत्ती चाचपतात ती गोष्ट त्यात आहे. म्हाइंभटांनी काय केलं तर जे जे लोक स्वामींच्या जवळ होते त्यांच्याकडे जाऊन विचारलं, तेव्हा तुम्ही कुठे होता, कोण काय म्हणालं, स्वामी काय म्हणाले. त्यातून लीळाचरित्र झालं. दोन्ही अस्सल मराठी गद्य आहे पण वर्गात वाचून दाखवा, दृष्टान्तपाठाला पोरं मान डोलावतात आणि लीळाचरित्राला ‘सर पुढे?’ विचारतात. तीस वर्षं शिकवलंय, हा फरक दरवर्षी दिसायचा. कारण लीळेत जागा आहे, वेळ आहे, भूक आहे, कोणीतरी बाई काहीतरी वेडंवाकडं विचारते आणि मग त्यावर उत्तर येतं. उपदेश कोणाला केला ते राहिलं की उपदेशही राहतो.

तेव्हा पोरकिरकिर, खोकला, ती ‘अगं बाई गं’, सगळं लिहा. तुमचा मजकूर तो आहे.

---

स्पष्ट_बोलतो

सगळे भावुक झालेत म्हणून थोडं थंड पाणी ओततो, राग मानू नका.

कागदावर मरतं म्हणता ना, मग कदाचित त्यात तेवढंच होतं असं का नाही? आवाज, पेटी, उदबत्तीचा वास, रात्रीचे अकरा, आजूबाजूला हजार माणसं डोलतायत, यात कोणी टेलिफोन डिरेक्टरी वाचली तरी अंगावर काटा येईल. प्रवचनाची ताकद म्हणतात ती बऱ्याचदा मांडवाची ताकद असते आणि तीच मला धोक्याची वाटते. समोर बसलेला माणूस हात वर करून ‘थांबा महाराज, हे पटलं नाही’ म्हणू शकत नाही. पुस्तकात मी समासात फुली मारू शकतो.

आत्ता यूट्यूबवर बघा काय चाललंय. तासाभराच्या कीर्तनात अभंग पाच मिनिटं आणि बाकी सुनेची टिंगल, जीन्स, मोबाइल, लव्ह मॅरेज. लोक हसतात, रील होतं, पुढची तारीख आणि पुढचा आकडा वाढतो. आणि वर परत तुकोबांचं नाव. त्याच तुकोबांनी काय म्हणून ठेवलंय: ‘जेथें कीर्तन करावें, तेथें अन्न न सेवावें’, कपाळाला बुक्का लावून घेऊ नये, गळ्यात माळ घालून घेऊ नये, बैलाला दाणावैरणसुद्धा मागू नये आणि पैसे घेणारे आणि देणारे दोघेही नरकात जातील. देणारे पण! हा अभंग सेवेला घेऊन कोणी दोन तास सोडवताना मी अजून ऐकलं नाही. मृदंगवाल्या भाऊंनी ऐकला असेल तर सांगावं.

बाकी आजोबा तुमचे चांगलेच असणार, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वाचून जांभई येत असेल तर जांभईवरही थोडा विश्वास ठेवा.

---

नगरी_मृदंग

@स्पष्ट_बोलतो एकदा ऐकलाय. नेवासा तालुक्यात, म्हातारे बाबा होते, एसटीने आले आणि एसटीने गेले, चहा पण नाही घेतला. आम्हा वाजवणाऱ्यांचं पाकीट त्या रात्री खिशात टोचत होतं एवढं खरं. सुनेच्या टिंगलीबद्दल बोललात ते मात्र बरोबर आहे, मागं उभं राहून आम्हालाच लाज वाटते कधीकधी, पण ताल सोडता येत नाही.

---

वऱ्हाडी_मानूस

स्पष्ट भाऊ, तुम्ही म्हणता समोरच्याले बोलता येत नाही, तर मंग गाडगेबाबा तुम्ही ऐकलेच नाहीत राजेहो.

मी अमरावतीचा. बाबांचं शेवटच्या दिवसांतलं, नोव्हेंबर १९५६ मधलं, मुंबईत वांद्र्याला झालेलं कीर्तन रेकॉर्ड झालेलं आहे, शोधलं की सापडतं. त्याच्यानंतर महिन्या-दीड महिन्यात, २० डिसेंबरला बाबा गेले, म्हणजे ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज आहे तो. पण ऐका एकदा. पूर्ण कीर्तनच प्रश्नांचं आहे. बाबा विचारतात, लोक उत्तर देतात, बाबा तेच उत्तर पकडून पुढचा प्रश्न टाकतात आणि पाच मिनिटांत लोकांच्या लक्षात येते का आपणच आपल्या तोंडानं कबूल केलं का दगडातल्या देवाचं सारं आपल्यालेच करा लागते, तो आपलं काही करत नाही. हे बाबांनी म्हटलं असतं तं लोक उठून गेले असते. बाबांनी ते लोकांकडून वदवून घेतलं. मधात ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’, का थोडा दम घ्या आणि परत प्रश्न.

आता याची गंमत अशी का माझ्या बापाच्या लहानपणी बाबा आमच्या भागात आले होते, बाप सांगे का पह्यले दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडलं, लोकांनी खराटे आणले, रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. म्हणजे कीर्तन सकाळीच सुरू झालं होतं, रात्री फक्त बोलणं झालं. कोणी पाया पडाले गेलं तं बाबा काठी उगारत. शिक्षण काही नाही, पोथी नाही हातात, आणि मागं धर्मशाळा, शाळा उभ्या राहिल्या ते सारं त्या बोलण्यातून.

हे छापलेलंही आहे, आणि छापलेलं वाचलं का अर्धं वाटते हे खरं आहे. पण मी काय करतो, घरात दोघं जण बसून वाचतो, एकानं बाबांचे प्रश्न वाचाचे आणि दुसऱ्यानं लोकांचे उत्तरं. पोराले पण आवडते. तुम्ही पण आजोबांचं तसं काही जमते का पाहा.

---

पेटीचा_सूर

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं. @स्पष्ट_बोलतो, जांभईवाली गोष्ट टोचली पण खरी आहे, १४ मधल्या चार-पाच कॅसेट खरंच पुस्तिकेत घ्यायच्या लायकीच्या नाहीत, त्यात आजोबा थकलेले वाटतात आणि पाठ केलेलं म्हणतात. मास्तर, लीळाचरित्र कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं, परत काढतो.

---

सासष्टीकर

गोंयांतल्यान नमस्कार. तुमचं सगळं ‘आधी बोललं आणि मग लिहिलं’ असं चाललंय, आमच्याकडे उलटं झालेलं आहे, ते पण ऐका.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमधला जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि इथेच सासष्टीत आयुष्य काढून १६१९ मध्ये वारला. त्याने क्रिस्तपुराण लिहिलं, जवळपास ११ हजार ओव्या, १६१६ मध्ये रायतूरला छापलं, लिपी रोमन पण भाषा मराठी. ते का लिहिलं याची गोष्ट त्याने पुराणातच घातलीय: चर्चमध्ये धर्माची शिकवणी चालू असताना एक नवा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण विचारतो की पाद्रीबाब, तुम्ही आमची जुनी पुराणं वाचायची बंद केलीत, मग आम्ही ऐकायचं काय? आम्हाला तसलंच काहीतरी द्या की. हे वाचताना मला दरवेळी थांबायला होतं, कारण त्या प्रश्नात एक पूर्ण रिकामी पडलेली संध्याकाळ दिसते. देऊळ गेलं, पोथी गेली, आणि पुराण ऐकायची सवय तेवढी शिल्लक राहिली, कानांना ते हवं होतं. नुसता सरमन देऊन ती भूक भागेना हे त्या माणसाला कळलं आणि त्याने ज्ञानोबा-एकनाथांच्या ओवीत बायबल सांगितलं. ‘जैसी हरळांमाजी रत्नकिळा, कीं रत्नांमाजी हिरा निळा, तैसी भासांमाजी चोखळा, भासा मराठी’ हे त्याचंच, शाळेत सगळ्यांनी फळ्यावर बघितलंय, पण ते कुठून आलं हे कोणी सांगत नाही.

आणि ते एकट्याने वाचायला नव्हतंच, चर्चमध्ये आणि घरांत गाऊन वाचायचे, विशेषतः उपवासाच्या दिवसांत. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने इथली भाषा सोडा म्हणून फर्मान काढलं, त्याने काय नुकसान झालं ते वेगळं रडगाणं, पण पुराण हातानं उतरवलेल्या प्रतींत आणि लोकांच्या तोंडात राहिलं. मंगळूरला १९०७ मध्ये परत छापलं.

आता सरमनला आम्ही कोंकणीत शेर्मांव म्हणतो. घरात कोणी फार उपदेश करायला लागलं की ‘शेर्मांव मारूं नाका’ म्हणतात, तुमच्याकडच्या ‘प्रवचन झोडू नको’सारखंच. म्हणजे दोन्ही धर्मांत लोकांची तक्रार एकच!

पोर्तुगीज भाषेतलं एक सांगतो, कारण ते खरंच सुंदर आहे. आंतोनियू व्हियेरा नावाचा पाद्री ब्राझीलमध्ये होता, तिथल्या मूळ रहिवाशांना गुलाम करण्याविरुद्ध बोलायचा, मळेवाले गोरे त्याच्यावर खार खाऊन. १३ जून १६५४ ला संत आंतोनीच्या फेस्ताला तो साऊं लुईसमध्ये उभा राहिला आणि म्हणाला माणसं ऐकत नाहीत तेव्हा मी आज माशांना उपदेश करतो, संत आंतोनीने केला होता तसा. आणि पूर्ण सरमन माशांना! आधी माशांची स्तुती, मग त्यांचे दोष, आणि मोठा दोष कोणता तर तुम्ही एकमेकांना खाता, तेही मोठे लहानांना खातात, उलटं असतं तर एकाच मोठ्यात हजार लहानांचं भागलं असतं. समोर मळेवाले बसलेले. त्यांना उठूनही जाता येईना, कारण त्यांना कोणी काही बोललंच नव्हतं. तीन दिवसांनी व्हियेरा गुपचूप जहाजावर चढून लिस्बनला राजाकडे दाद मागायला गेला. हे सरमन आज पोर्तुगीज साहित्याचा उत्तम नमुना म्हणून शिकवतात आणि कागदावर अजिबात मेलेलं नाही. का, तर श्रोता आतच आहे, फक्त त्याला खवले लावलेत.

---

नुसती_श्रोती

मी कधी लिहीत नाही, फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. तुम्ही सगळे बोलणाऱ्याबद्दल आणि लिहिणाऱ्याबद्दल बोलताय. ऐकणारीला कोणी विचारलं का?

आपल्याकडे एक जण आहे जिने ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहून ठेवलंय. संत बहिणाबाई, शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या (खानदेशातल्या ‘अरे संसार संसार’वाल्या नव्हे, दरवेळी घोटाळा होतो). त्यांनी स्वतःची हकीकत अभंगांत सांगितलीय. कोल्हापुरात बिऱ्हाड असताना जयरामस्वामींची कीर्तनं चालू होती आणि ही अकरा-बारा वर्षांची मुलगी ऐकायला जायची. घरी एक कपिला गाय आणि तिचं वासरू होतं, ते वासरू हिच्याशिवाय राहीना, कीर्तनालाही मागे यायचं. गर्दीत कोणीतरी वासराला बाहेर काढलं, ते बाहेर हंबरायला लागलं आणि ही आत रडायला. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी दोघांना आत बोलावून घेतलं आणि डोक्यावरून हात फिरवला. एवढंच. पण गावात बोभाटा झाला आणि नवऱ्याने तिला बेदम मारलं, कारण वैदिक ब्राह्मणाच्या बायकोने कीर्तनाला जायचं काय कारण. तरी तिच्या मनातून तिथे ऐकलेले तुकोबांचे अभंग जाईनात. तुकोबांना तिने तेव्हा पाहिलंही नव्हतं, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं.

मला प्रवचनाची ताकद म्हटलं की हे आठवतं. स्वामी त्या दिवशी काय बोलले, कोणता अभंग लावला, कोणता दृष्टांत दिला, यापेक्षा वासरू आत घेतलं की नाही हे तिच्या लक्षात राहिलं.

माझी स्वतःची आजी चातुर्मासात रोज पुराणाला जायची, येताना वाती वळलेल्या असायच्या शंभर-दीडशे. आज काय सांगितलं विचारलं तर म्हणायची, ‘तेच गं, रामाचं’. पण शेजारच्या कोणाच्या डोळ्याला आज पाणी आलं, कोण मधेच उठून गेली, कोणाची सून पहिल्यांदा आली, हे सगळं सांगायची. तेव्हा मला वाटायचं हिचं लक्षच नसतं. आता वाटतं हिचंच लक्ष असायचं.

म्हणून तुम्हाला एक सुचवते. कॅसेट घेऊन त्या गावात जा. १९९० ला जी चाळीशीची होती ती आज पंचाहत्तरीत असेल, अजून कोणी ना कोणी सापडेल. तिच्यासमोर लावा आणि तुम्ही टाइप करायचं सोडून तिच्याकडे बघा.

---

पेटीचा_सूर

सॉरी, तीन आठवड्यांनी लिहितोय. जाऊन आलो.

मोबाइलवर कॅसेट घेऊन गेलो होतो आणि एक छोटा स्पीकर. देवळाच्या मागच्या आळीत एक काकू सापडल्या, वय ७८, कानाला थोडं कमी पण स्पीकर जवळ धरला की सगळं ऐकू येतं. आधी १९८८ चं हरिश्चंद्र लावलं. नगरीभाऊ, तुम्ही म्हणालात ना मांडव पुढचं म्हणतो, तसंच झालं, आजोबांनी आर्या अर्धी म्हटली आणि काकूंनी ओट्यावर बसून उरलेली म्हटली, शब्द इकडेतिकडे झाले पण चाल तीच. त्यांच्या नातवाने फोनमधून डोकं वर काढून बघितलं.

मग १९९० चं लावलं. ‘आधी कर टाक’ आलं, ती शांतता आली, ‘अगं बाई गं’ आलं, आणि काकू म्हणाल्या, ‘ही मी.’

मी म्हटलं म्हणजे? तर म्हणाल्या त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात आळीतल्या एकीचा मुलगा विहिरीत बुडून गेला होता, सात वर्षांचा. ती त्यानंतर घराबाहेर पडत नव्हती, रामनवमीला सगळ्यांनी आग्रह करून तिला देवळात आणली आणि अगदी पुढे, खांबाला टेकवून बसवली. बुवांना काही माहीत नव्हतं, कोणाच्या डोक्यातही आलं नाही की आज हरिश्चंद्र आहे. स्मशानाचा प्रसंग आला तशी ती ताठ झाली आणि तिने पदर तोंडात धरला. काकू तिच्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांच्या तोंडून निघालं ते ‘अगं बाई गं’. आजोबांनी तिकडे बघितलं. मग त्यांनी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही. पेटीवाल्याला नेहमीचं ठाऊक होतं, त्याने विलापाचा सूर धरला, तर आजोबांनी चिपळ्यांचा हात खाली केला, ‘मग काय झालं?’ म्हणाले आणि सरळ देव प्रकट केले, रोहिदास उठून बसला. काकू म्हणाल्या, पोर उठून बसलं म्हणाले तेव्हा ती खांबाची बाई रडली, आठ महिन्यांत पहिल्यांदा.

म्हणजे बाजू बदलताना काही राहिलं नव्हतं. मी घरी येऊन परत ऐकलं, पेटीचा सूर खरंच एकदा उठतो आणि मधेच सुटतो, मला आधी तो रेकॉर्डिंगचा दोष वाटला होता.

स्पष्टभाऊ, तुम्ही म्हणालात समोरच्याला हात वर करता येत नाही. मला अजून त्याचं नीट उत्तर सुचलेलं नाही. तिने पदर तोंडात धरला होता एवढंच माहितीये.

आता पुस्तिकेत दोन्ही हरिश्चंद्र शेजारी शेजारी छापतोय, डाव्या पानावर ८८ चं, उजव्या पानावर ९० चं. उजवीकडे बरीच जागा कोरी राहतेय. प्रेसवाला म्हणतो तिथे बुवांचा फोटो टाकू, मी नको म्हटलंय. त्या बाईंबद्दल तिथे काही लिहू की नको हे कळत नाहीये, त्या आता त्या गावात राहत नाहीत, मुलीकडे असतात असं काकू म्हणाल्या, आधी त्यांना विचारावं लागेल. मास्तर, तुम्ही म्हणालात सगळं लिहा, तुमचं काय मत?

---

निवृत्त_मास्तर

विचारून या. नाही म्हणाल्या तर खोकला आणि ‘अगं बाई गं’ तेवढं ठेवा, बाकी कोरंच राहू द्या.